मामंजींची नदी आणि परत केलेली मरळ

मी लग्न होऊन सासरी आले तेव्हा माझ्या सासऱ्यांच्या मालकीची थोडी नदी होती.

जमीन होती, ऊस होता, गुऱ्हाळ होतं, दावणीला बैल होते. पण मामंजी पाहुण्यांना आधी नदी दाखवत. आमचं घर इंदापूर तालुक्यात, कळंबच्या खालच्या अंगाला, अगदी नीरेच्या काठावर. तिथं नदी वळण घेते आणि घर तिच्या मावळतीला येतं. मागच्या दारातून नदीत उतरायला मामंजींनी दगडी पायऱ्या बांधून घेतल्या होत्या, आणि पायऱ्या झाल्या त्या दिवसापासून पायऱ्यांपुढचं पाणीही आपलंच असं त्यांनी धरलं होतं. "माझ्या घराची सावली जितवर पडती, तितवर पाणी माझं," असं ते सांगत. त्यामुळे दुपारी त्यांची मालकी खालच्या पायरीपुरती असे. दिवस कलला की ती वाढत जाई, आणि मावळतीच्या सुमाराला तर पार पलीकडच्या जिल्ह्यात पोचे! (आम्हाला चौथीच्या भूगोलात नद्या कुठं उगम पावतात ते होतं, त्या कुणाच्या असतात ते नव्हतं. म्हणून मी गप्प राहिले. ठाऊक असतं तरी गप्पच राहिले असते.)

पायऱ्यांपुढं खोल डोह होता आणि डोहात मासे होते. थोडं खाली गेलं की भोयांची वस्ती. धोंडिबा भोई त्यांच्यातला वडीलधारा. आज्या-पणज्यापासून त्या डोहात त्यांची जाळी पडत आलेली. आता एका पाण्याला दोन मालक म्हटल्यावर भांडण व्हायचं; पण ते होऊ नये म्हणून या दोघांनी फार शहाणी रीत ठेवली होती. पावसाळा ओसरून पाणी निवळलं की धोंडिबानं पहिली मरळ जिवंत आणून आमच्या वरच्या पायरीवर ठेवायची आणि न बोलता बाजूला व्हायचं. घरच्यांनी ती आत न्यायची आणि तिच्या जागी सूपभर जोंधळे ठेवायचे, तेही न बोलता. झालं! धोंडिबानं परवानगी मागितली नाही, मामंजींनी दिली नाही, दोघांचीही मान ताठ राहिली, आणि वर्षभर जाळं बिनघोर पडलं. या रीतीत खोट एकच होती. ती रीत नव्या सुनेला कुणी सांगितली नव्हती.

माझं माहेर बारामतीचं. कालव्याच्या पाण्यावर वडिलांचा वांग्या-मिरच्यांचा मळा. घर माळकरी, त्यामुळे मासा कसला ते ठाऊक नाही. आम्हाला मासे दिसत ते कालव्याच्या साहेबाच्या बंगल्यापाशी, आणि तेही लांबूनच. कारण तिथं नुसते पाय बुडवले तरी शिपाई अंगावर धावून यायचा. "सायबाच्या म्होरचं पाणी हाय, उठा हितनं!" तेव्हा कुणाच्याही घरापुढच्या पाण्यातली चीज उचलू नये, आणि वाटेत आलीच तर जिथली तिथं ठेवावी, एवढं माझं शिक्षण चौथीच्या आधीच पुरं झालं होतं.

त्या वर्षी घरात माझ्या नणंदेच्या, हौसाच्या, लग्नाचं चाललं होतं. तिच्या दोघी थोरल्या बहिणी लांब दिलेल्या. त्यातली मोठी बाळंतपणात गेली. ते आमच्याकडं कळलं तेव्हा तिचे दिवससुद्धा होऊन गेले होते. तेव्हापासून सासूबाईंनी एकच धरलं होतं, "हिला जितं माझ्या डोळ्याला दिसंल तितंच देनार." आणि तसं स्थळ चालून आलं होतं. नदीच्या पलीकडं, आमच्या पायऱ्यांवरून दिसणारं घर. त्यांच्या अंगणात कुणी कपडे वाळत घातले तर रंग ओळखू यायचा. हाक मारली तर ओ ऐकू येईल एवढंच अंतर. सासूबाई दळताना, निवडताना, झाडताना तिकडंच बघत. हे स्थळ हातचं जाऊ नये म्हणून त्या उपास करत होत्या, आणि उपासाचं कारण कुणाला सांगत नव्हत्या.

दसरा झाला. मामंजी कचेरीच्या कामाला इंदापूरला गेलेले. सकाळी मी घागर घेऊन मागच्या दारी आले, तर वरच्या पायरीवर मरळ!

हातभर लांब, काळी, सापाच्या तोंडाची. पाण्याबाहेर असून मेली नव्हती. तोंड उघडत मिटत माझ्याकडं बघत होती. खाली काठावर धोंडिबा खांद्यावर जाळं टाकून पाठमोरा उभा. मला वाटलं, बिचारी चुकून वर आली! (पायऱ्या चढून मासा कसा येईल, हा प्रश्न मला पडला नाही. पुण्य करताना असले प्रश्न पडत नाहीत.) देवाचं नाव घेतलं आणि तिला पदरात धरली. तिनं शेपटीनं माझ्या थोबाडीत दिली. मी किंचाळले, काखेतली घागर सुटली आणि खणखणत नदीत गेली. त्या आवाजानं धोंडिबा वळला, आणि त्यानं बघितलं ते एवढंच, की आबांच्या सूनबाईंनी मरळ उचलून डोहात भिरकावली आणि वर दोन्ही हात जोडले!

ते हात मी सुटले म्हणून जोडले होते.

 पाण्यात शिरून धोंडिबानं माझी घागर काढली, खालच्या पायरीवर नीट ठेवली, आणि जाळं गुंडाळून निघून गेला. माझं पुण्य बघून तो भारावला असावा, अशी माझी समजूत झाली. घरात मी कुणाला सांगितलं नाही. एक तर पुण्य सांगितलं की आटतं, आणि दुसरं म्हणजे घागरीला पोचा आला होता.

मामंजी परत आले आणि रोज सकाळी पायऱ्यांवर जाऊन उभे राहू लागले. चूळ भरायला लोटाभर पाणी न्यायचे आणि अर्धा तास चूळ भरत राहायचे.

"काय बघताय येवढं?" सासूबाई विचारायच्या.

"काय न्हाय. पाणी बघतोय."

मासा येईना, जाळंही पडेना. मामंजींना वाटलं, यंदा भोयानं आपल्याला पुसलं नाही. भोयाला वाटलं, आबांनी मासा परत करून पाणी बंद केलं. रीत न बोलण्याची होती, त्यामुळे दोघंही रीत पाळून एकमेकांवर धुमसत राहिले. चारचौघांत भेटले की "राम राम आबा," "राम राम धोंडिबा," एवढं मात्र चुकत नव्हतं. मग आपल्या पाण्याचा हक्क बजावायला मामंजी स्वतःच गळ घेऊन पायरीवर बसू लागले. पहिल्या दिवशी गळाला त्यांचं धोतर लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांना जोराचा ओढा बसला; "आली, आली!" करून त्यांनी ओढलं तर सासूबाईंचं धुवायला भिजत घातलेलं लुगडं.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "ह्येचं कालवण करू का सुकं?"

आणि अशात पाहुण्यांचा निरोप आला. गुरुवारी, दिवस कलल्यावर, मुलाकडची माणसं हौसाला बघायला येणार.

आता आमच्याकडं नदी ओलांडायची ती काहिलीतून. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची लोखंडी कढई. चार माणसं मांडी घालून बसतील एवढी मोठी. जुनी झाली की भोई ती घेत आणि वल्हं मारत माणसं पोचवत. त्या घाटाला काहील एकच, धोंडिबाची. गुरुवारी पलीकडच्या काठावर फेटे दिसू लागले. मुलाचा बाप, चुलता, चुलती. आमच्याकडं घर सारवलेलं, पुरण शिजलेलं, हौसा हिरवं लुगडं नेसून आत बसलेली. आणि धोंडिबा आपल्या वस्तीपुढं उपड्या घातलेल्या काहिलीवर बसून जाळं विणत होता.

मामंजींनी पायरीवरून हाक दिली, "धोंडिबा! पावनं खोळंबल्यात की."

धोंडिबा अदबीनं उठला. "राम राम आबा. दिसल्यात मला. पर सावली बघा."

"कसली सावली?"

"तुमच्या घराची. पार पल्याड गेलीया. समदं पाणी तुमचं झालंया. तुमच्या पाण्यात आमची काहील कशी घालावी?"

"आरं, मासं धरायचं पाणी येगळं, मानसं आनायचं येगळं!"

"पाणी येकच हाय की वो," धोंडिबा म्हणाला, आणि पुन्हा जाळं विणायला बसला.

पलीकडून चुलत्यानं हाक मारली, "येऊ का जाऊ?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं. "धनी," त्या म्हणाल्या, "माघारी गेलं तर परत यायचं न्हाईत." एवढंच. मामंजींनी त्यांच्याकडं बघितलं आणि एकदम फेटा घट्ट केला.

"आमच्याकडं काय काहील न्हाय व्हय?"

होती. कळंबच्या बाजूला साखरेचा कारखाना नवा झाला होता आणि आमचा ऊस आता तिकडं जायचा; त्यामुळे गुऱ्हाळाची काहील रिकामी बसून होती. आमचे हे आणि गडी मिळून ती गडगडत घेऊन आले. वल्हं नव्हतं, म्हणून पाक ढवळायचं लांब दांड्याचं फावडं घेतलं. मामंजी बसले, हे बसले. तेवढ्यात सासूबाईंना सुचलं, "बाईमाणूस येतंया. तिला आनायला बाईमाणूस नको? सूनबाई, ताट घिऊन बस जा."

मी आयुष्यात काहिलीत बसले नव्हते. पण नाही म्हणायलाही कधी शिकले नव्हते. हळद-कुंकू, खण, नारळ आणि ओटीचे गहू असलेलं ताट मांडीवर घेतलं आणि बसले.

सासऱ्यांपुढं सुनेनं तोंड दाखवू नये आणि त्यांच्याकडं पाठही करू नये, असं मला माहेरी पढवलेलं. ते पढवणाऱ्यांनी काहिलीचा विचार केला नव्हता. काहिलीला पुढचं टोक नाही का मागचं. पाण्यात सुटल्याबरोबर ती जात्यासारखी फिरायला लागली! एकदा आमचं घर दिसे, एकदा पाहुणे, एकदा आमचं घर, एकदा पाहुणे. मी मामंजींना चुकवायला डावीकडं वळले की काहील उजवीकडं वळे आणि मामंजी पुन्हा समोर.

"उजवीकडं मार!" मामंजी ओरडले.

"कुनाच्या उजवीकडं?" आमचे हे.

"माझ्या!"

"तुमचं उजवं आत्ता हिकडं हुतं, आता तिकडं गेलं की!"

तेवढ्यात काहिलीच्या कडेखालून मुंगळे निघाले. गुळाची काहील, वर्षभराचे बिऱ्हाडकरू होते ते. मी पाय आखडले, ताट कलंडलं, मामंजींनी ते सावरायला हात घातला आणि त्यांच्या पांढऱ्या अंगरख्यावर कुंकवाची मूठ पडली. लांबून बघणाऱ्याला वाटावं, की काहिलीत मारामारी झाली! पलीकडून चुलती ओरडली, "आगं बया बया, रगात!"

आणि मग आतल्या खोलीत नजर खाली घालून बसलेली आमची हौसा धावत पायऱ्यांवर आली. पदर खोचला आणि साऱ्या नदीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "दादा! फावडं उलटं धरलंयस! वैनी, हालू नगंस! आबा, बसा खाली, तुमीच फिरीवताय ती!"

पाहुण्यांचं मुलगी बघणं तिथंच झालं. उरलं होतं ते फक्त पोहोचणं.

काहील मात्र पोहोचण्याच्या बेतात नव्हती. धार तिला खाली ओढत होती. आमचा डोह सरला, पायऱ्या मागं पडल्या, आणि भोयांच्या वस्तीपुढं बाभळीच्या खुंटांना ताणून बांधलेल्या जाळ्यात आम्ही अलगद जाऊन अडकलो. मामंजींच्या फेट्याचा शेमला जाळ्यात, ह्यांचं फावडं जाळ्यात, माझा पदर जाळ्यात.

धोंडिबा उठून काठाशी आला. कमरेवर हात ठेवून त्यानं आधी आमच्याकडं आणि मग आमच्या घराकडं बघितलं.

"आबा," तो म्हणाला, "हितं तुमच्या घराची सावली न्हाय."

मामंजी जाळ्यातला शेमला ओढू लागले. 

"आमी दर साली मरळ ठिवून तुमच्या पाण्यात येतो. तुमी काय ठिवलं?"

आता मात्र मामंजी उसळले. "मरळ? यंदा कुठं ठिवलीस? दोन आठवडं रोज सकाळी चूळ भरून भरून माझं दात पातळ झालं!"

"ठिवली की! तुमच्या सूनबाईंनी माझ्या डोळ्यादेखत पाण्यात फेकली, आन वर हात जोडलं. पाया पडतो, आता येऊ नगा म्हनून!"

काहिलीत माणसं तीनच होती. तिच्यात माझ्याकडं बघायला दोघंच होते; पण काठावर भोयांची सगळी वस्ती जमली होती, पलीकडं पाहुणे होते, वर पायऱ्यांवर सासूबाई आणि हौसा. इतक्या जणांनी माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. माझ्या लग्नातसुद्धा नाही.

"सूनबाई," मामंजी म्हणाले, "फेकली?"

 मी सगळा जीव गोळा करून बोलले, "मला वाटलं... ती चुकून वर आली."

 मग धोंडिबाची बायको ठकुबाई म्हणाली, "आगं माझे बाई! मरळ काय पायऱ्या चढून इचारपूस कराया आली व्हय?" आणि भोयांची वस्ती जी हसत सुटली, की जाळं हललं आणि त्याच्याबरोबर आम्हीही.

दोघं मालक मात्र हसले नाहीत. चूक कळली होती, राग गेला होता, पण पेच तसाच होता. मामंजींना "सोडव" म्हणायचं नव्हतं, आणि कुणी म्हटल्याशिवाय धोंडिबाला सोडवायचं नव्हतं. ती रीतच न मागण्याची! दोघं समोरासमोर, एक पाण्यात, एक काठावर, मान ताठ करून गप्प. पलीकडं चुलत्यानं जोडे पायात घातलेले दिसले. सासूबाई पायरीवर मटकन बसल्या.

जाळं बघायला ठकुबाई कमरेएवढ्या पाण्यातून काहिलीपाशी आली. कपाळावरचं कुंकू घामानं पुसट झालेलं. सवाष्ण जवळ आली आणि मांडीवर ताट असलं की काय करायचं, एवढं एकच मला त्या घटकेला येत होतं. ताटात उरलं होतं तेवढं कुंकू मी तिला लावलं. तिनं सवयीनं पदर पुढं केला. मी सवयीनं ओटी भरली. खण, नारळ, गहू.

ठकुबाई पदराकडं बघून नवऱ्याला म्हणाली, "आवं, दाणं आलं की!"

धोंडिबानं वाकून बघितलं. "जोंधळं न्हाईत," तो म्हणाला.

"गव्हू हायती. वरचढच हायती."

"मग चालतंया," धोंडिबा म्हणाला, आणि पाण्यात उतरला. मामंजी दुसरीकडं बघू लागले, म्हणजे काही मागितलंही नाही आणि काही दिलंही नाही असं झालं. घटकाभरात आमची काहील दोरीनं काठाला लागली आणि धोंडिबाची पाहुणे आणायला गेली.

पाहुणे आले. मामंजींच्या अंगरख्यावर कुंकू, ह्यांच्या पायाला मुंगळे, माझं लुगडं ओलं, आणि चुलतीसाठी सजवलेलं ताट रिकामं! ओटी भरायला घरात दुसरा खण नव्हता. सासूबाईंनी स्वतःच्या पेटीतला, थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला म्हणून घेतलेला आणि द्यायचा राहून गेलेला खण काढला. देताना त्यांनी त्याच्यावरून एकदा हात फिरवला. चुलती बाई तोंडाळ होती, पण आंधळी नव्हती. तिनं खण घेतला, घडी न मोडता डोळ्यांना लावला आणि सासूबाईंच्या शेजारी सरकून बसली. मग हौसाला पुढं बोलावलं.

"पायरीवर वरडत हुतीस ती तूच न्हवं?"

हौसानं मान खाली घातली. "व्हय."

"नीट ऐकू आलं मला. आमच्या अंगणातबी आसंच ऐकू यील." मग सासूबाईंकडं वळून म्हणाली, "आन हितनं तुमी हाक दिली तर ती तिकडनं वरडंल. आमाला पसंत हाय." सासूबाईंनी पदरात तोंड लपवलं. मामंजींनी गूळ आणायला सांगितला.

"पर थांबा," चुलती म्हणाली. "आमची येक अट हाय."

 हुंडा? जमीन? सासूबाईंनी माझा हात धरला. 

चुलतीनं माझ्याकडं बोट केलं. "सणावाराला पोरगी न्यायला नदीवरनं कुनीबी यावं. आबांनी यावं, तिच्या भावानं यावं, गड्याला धाडलं तरी चालंल. ह्या सूनबाईला तेवढं धाडायचं न्हाय."

लग्नाच्या बोलणीत सुनेचं मत विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. तरी त्या बैठकीत, कुणी काही म्हणायच्या आधी, सगळ्यांत पहिली मान हलली ती माझी.